पाहुणीचे नियम

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत नवं मराठी बिऱ्हाड उतरलं, की त्यांचं पाणी-विजेचं कनेक्शन यायला वेळ लागायचा, कमलिनीताईंना यायला लागायचा नाही. हातात थालीपिठांचा डबा आणि तोंडी नियम. गॅलरीत कपडे वाळत घालू नको, म्युनिसिपालिटीवाले येतात. समोरच्या व्हिलाचा फोटो काढू नको, आत बायामाणसं असतात. रमझानात दिवसा रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावू नको, त्यांचा उपास असतो. रस्ता भलतीकडून ओलांडू नको, चारशे दिरहम जातात, म्हणजे आपले साडेनऊ हजार रुपये, आणि वर पोलिसाचं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. नव्या सुनेच्या घशात थालीपीठ अडकायचं, पण नियम पाठ व्हायचे.

हे सगळं उगीच नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी त्या नवऱ्यामागून अबू धाबीला आल्या, तेव्हा त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गॅलरीत साडी सोडली आणि खालून वॉचमन असा ओरडत आला, की आता आपल्याला विमानात बसवून परत पाठवतात असंच त्यांना वाटलं. दुसऱ्याच्या घरी राहायचं तर त्यांच्या कलाने राहावं, ही गाठ तेव्हाच बसली. आत्मारामराव मुसफ्फातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. ते म्हणायचे, "कमल, तुला पोलीस डिपार्टमेंटने पगार द्यायला हवा. फुकट ड्यूटी करतेस."

त्यांची दुसरी ख्याती बाळंतपणाची. आसपासच्या मराठी घरांत बाळ झालं, की डिंकाचे लाडू कमलिनीताईंचे, अंगाला लावायचं तेल त्यांच्या हातचं आणि बाळंतिणीला शेक द्यायचाही त्यांनीच. शेगडी तिथे कुठून आणायची? पण घरमालकीण अरबी बाईने त्यांना एकदा ऊद जाळायचं पितळी धुपाटणं दिलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, झटकन पेटणारे कोळसे मिळायचे. त्या कोळशांवर ओवा आणि शेपा टाकून त्या बाजेखाली धुपाटणं सरकवायच्या. त्या राहायच्या तो व्हिलाचा मागचा तुकडा, आणि बाळंतिणींची घरंही असेच भाड्याचे तुकडे. दाराखाली मांजराचं पिल्लू शिरेल एवढी फट, जुना एसी काढलेल्या जागी भिंतीला भोक. या फटींनीच आजवर सगळ्यांना सांभाळलंय, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

स्वानंदी ही त्यांची एकुलती एक लेक. इथेच जन्मली, इथेच वाढली, इंजिनियर झाली आणि सिद्धार्थशी लग्न करून हॉलंडला आइंडहोवनला गेली. सिद्धार्थचे आईवडील शारजाला, इंडस्ट्रियल एरियात त्यांचं हार्डवेअरचं ट्रेडिंग. स्वानंदीला दिवस गेले तेव्हा तिने सासूला सोडून आईला बोलावलं, याचा कमलिनीताईंना किती आनंद झाला ते लपवणंही त्यांना जमलं नाही.

"आई, तू ये. पण इकडे सगळं वेगळं आहे हं. मी सांगते ते नीट ऐक," स्वानंदी व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

"सांग. मला नियम आवडतात."

"लाल रंगाचा रस्ता दिसला ना, तो सायकलवाल्यांचा. तिथे उभं राहायचं नाही, फोटोसाठी पण नाही. घंटी वाजली तर घाबरून इकडेतिकडे उडी मारू नकोस, सरळ बाजूला हो. ते लोक ब्रेक मारत नाहीत."

"बरं."

"बसमध्ये चढताना कार्ड लावायचं, उतरताना पण लावायचं. पासपोर्ट जवळ ठेवायचा. आणि शेजाऱ्यांकडे असंच जायचं नाही. आधी मेसेज, मग अपॉइंटमेंट."

"थालीपीठ द्यायला पण?"

"थालीपीठ द्यायला पण. इमर्जन्सीचा नंबर एकशे बारा, पण तो जिवावर बेतलं तरच. नाहीतर आधी आपल्या डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करायचा. छोट्या गोष्टीला ॲम्ब्युलन्स बोलावली तर ते लाइक करत नाहीत."

कमलिनीताईंनी हे सगळं घोकलं. संध्याकाळी ऊन उतरलं, की घरामागच्या गल्लीत त्या चालायच्या आणि आत्मारामराव शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन पाठीमागून घंटी वाजवत यायचे. सुरुवातीला त्या दचकून भिंतीला चिकटायच्या. पुढे पुढे मागे न बघता, पदर सावरत, झोकात बाजूला व्हायला लागल्या. गल्लीतले पठाण ड्रायव्हर हसायचे. असं हसण्यासारखं त्या घरात पुढे फारसं काही उरलं नाही.

तिकडे गेल्यावर त्यांनी लेकीला मान खाली घालायची वेळ येऊ दिली नाही. लाल रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. बसमधून उतरताना कार्ड लावायला विसरल्या नाहीत. सिद्धार्थच्या ऑफिसमधल्या एकाच्या वाढदिवसाला गेल्या, तर तिथे सगळी माणसं गोल करून बसलेली. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी वाढदिवस असलेल्याचं तर केलंच, त्याच्या बायकोचं, आईचं, अगदी शेजाऱ्याचंही हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि केकचा एकच तुकडा घेऊन गप्प बसल्या. सिद्धार्थ घरी येताना म्हणाला, "आई, तुम्ही तर आमच्यापेक्षा जास्त डच झालात." ते वाक्य त्यांनी आत्मारामरावांना फोनवर पुन्हा पुन्हा ऐकवलं.

नोव्हेंबरात पर्णिका झाली. बाळ बघायला आलेल्यांना तिकडे लोण्यावर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या लावलेला टोस्ट देतात. कमलिनीताईंनी एक गोळी चावली, तर आत बडीशेप. त्यांना गहिवरूनच आलं. "बघ, यांनाही बाळंतपणात शेप लागते," त्या म्हणाल्या. आपण फार परक्या मुलखात आलेलो नाही असं त्यांना त्या दिवशी वाटलं, आणि माणसाचा घात बहुधा अशाच वाटण्याने होतो.

पहिला आठवडा सरकारी व्यवस्थेतली नर्स रोज घरी येत होती. उंच, हसरी, कामाला वाघ. पण आली की आधी खिडकी उघडायची. बाळंतिणीच्या खोलीत हवा खेळती पाहिजे, असं ती म्हणते, हे सिद्धार्थने समजावून सांगितलं. बाहेर हात गारठून जावेत अशी थंडी, आणि ओली बाळंतीण वाऱ्यात. कमलिनीताई काही बोलल्या नाहीत, पाहुण्याने बोलू नये. पण मनात त्यांनी दोन कप्पे केले. रस्ता, बस, शेजार, वाढदिवस हे त्यांचं, तिथे त्यांचे नियम. बाळंतपण आपलं. तिथे या पोरीने आपल्याला शिकवू नये.

नर्सचे दिवस संपले, सिद्धार्थ ऑफिसला जायला लागला आणि कमलिनीताईंनी बॅगेतून धुपाटणं काढलं. पहिल्याच दिवशी ओव्याचा धूर जिन्यात गेला आणि छताला लावलेला अलार्म असा कोकलला, की बाळ दचकून रडायला लागलं. सिद्धार्थने संध्याकाळी हात जोडल्यासारखं करत सांगितलं, "आई, धूर नको, प्लीज. इथे अलाऊड नाही."

"नाही करणार धूर," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी शब्द पाळला. नियम धुराचा होता, त्यांनी धूर काढून टाकला. ओवा नाही, शेपा नाही. मागच्या अंगणात कोळसे चांगले लाल होईपर्यंत फुलवायचे, धूर पार संपला की धुपाटणं वर न्यायचं आणि पलंगाखाली सरकवायचं. अलार्म गप्प राहिला. खिडकीच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक बारीक जाळी होती, तिथून वारा यायचा. तिथे त्यांनी स्वानंदीची जुनी ओढणी गुंडाळून कोंबली. खोलीला इकडच्यासारखी फट कुठेच नव्हती, दार लावलं की डबीचं झाकण लावावं तसं लागायचं. स्वानंदीलाही बरं वाटत होतं. ती उबेत पाय पसरून म्हणाली, "आई, मस्त वाटतंय. अबू धाबीला घरी असल्यासारखं." एवढं ऐकलं आणि कमलिनीताईंना आपल्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. झोप नाही, डोकं दुखणारच. मळमळायला लागलं. अशक्तपणा आहे, अंगात ऊब हवी. कमलिनीताईंनी कोळसे वाढवले आणि दार ओढून घेऊन खाली अळिवाची खीर करायला गेल्या.

खीर घेऊन वर आल्या तेव्हा स्वानंदी उठेना. हलवलं तर डोळे अर्धवट उघडले, काहीतरी बरळली आणि उलटी झाली. बाळ पाळण्यात होतं, त्याला उचललं तर मान फारच सैल लागली. तोंडाला बोट लावलं तरी चोखेना. कमलिनीताईंचं डोकं चालत होतं, आणि डोक्यात नियम होते. एकशे बारा जिवावर बेतलं तरच. हे जिवावरचं आहे का? बाळंतीण आहे, अशक्त आहे, ओकली आहे. उगाच ॲम्ब्युलन्स आली तर लेकीला बोल लागेल. त्यांनी फ्रिजवर लावलेला क्लिनिकचा नंबर फिरवला. पलीकडे रेकॉर्ड केलेला डच आवाज काहीबाही सांगत राहिला, मग गाणं सुरू झालं. त्या फोन कानाला लावून गाणं ऐकत उभ्या राहिल्या.

गाणं संपेना, तेव्हा त्या तशाच अनवाणी बाहेर गेल्या. शेजारचं दार दहा पावलांवर होतं. आत दिवा होता, पडदे उघडे होते, म्हातारा शेजारी टेबलाशी बसून काही वाचत असलेला दिसत होता. कमलिनीताईंनी बेलकडे हात नेला. आधी मेसेज, मग अपॉइंटमेंट. थालीपीठ द्यायला पण. हात तिथेच राहिला. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या बाईने ती बेल बडवून काढली असती, दार लाथेने वाजवलं असतं. यांनी तीस वर्षं परक्या दारात पाय जपून टाकला होता. त्यांनी हात खाली घेतला आणि परत घरात आल्या.

सिद्धार्थ रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा, तो फोन नेमका तेव्हाच आला. "आई, स्वानंदी फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. कमलिनीताईंनी काय झालंय ते सांगितलं. पुढचं सगळं त्याने केलं. ॲम्ब्युलन्सची माणसं जिना चढली, तसं त्यांच्या बॅगेला लावलेलं एक छोटं यंत्र पिपी करायला लागलं. त्यांनी आधी खिडक्या सताड उघडल्या, मग दोघींना उचलून बाहेर नेलं. त्यातल्या एकाने इंग्रजीत विचारलं, घरात काय जळतंय? कमलिनीताईंना बरं वाटलं, निदान याचं उत्तर आपल्याला येतं. त्यांनी पलंगाखालून धुपाटणं काढून त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "नो स्मोक. सी, नो स्मोक."

दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, बाळाकडे काही दिवस लक्ष ठेवू. न दिसणारा, वास नसलेला वायू कोळशातून निघतो, बंद खोलीत साठतो आणि माणसाला झोपवतो, हे सिद्धार्थने कमलिनीताईंना हॉस्पिटलच्या बाकावर मराठीत सांगितलं. शेवटी म्हणाला, "आई, तुम्हाला कसं माहीत असणार." तो ओरडला असता तर त्यांना सोसलं असतं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणली गेली. एक सरकारी बाई घरी येऊन, बाळाजवळ कोण कोण असतं, असं विचारून गेली होती. निघताना कमलिनीताई पाळण्याकडे वाकल्या, तेव्हा स्वानंदी उठून पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. धुपाटणं मागच्या अंगणात पावसात पडलं होतं, ते कोणी उचललं नाही.

"इतक्या लवकर आलात?" इकडच्या बायकांनी विचारलं.

"व्हिसा तेवढाच होता," त्या म्हणाल्या.

आत्मारामरावांना सगळं माहीत होतं. त्यांनी विषय काढला नाही आणि सायकलची घंटी वाजवण्याची गंमतही पुन्हा केली नाही. नवं बिऱ्हाड आलं तरी कमलिनीताई जाईनात. बाळंतपणाचं बोलावणं आलं की कंबर धरलीय म्हणायच्या. एकदा खालच्या व्हिलातली सून लाडवांचं प्रमाण विचारायला आली, तिला प्रमाण सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि खिडकी उघडी ठेव." सुनेला काही उमगलं नाही. घरात उदबत्ती बंद झाली, निरांजन बंद झालं. देवापुढे विजेवरचा दिवा आला. देवाला चालतंय का, असं आत्मारामरावांनी विचारलं नाही.

दर रविवारी स्वानंदीचा मेसेज यायचा, "चारला कॉल करू?" मग व्हिडिओवर पर्णिका दिसायची. ती पालथी कधी पडली, बसली कधी, पहिला शब्द कधी बोलली, यावर कमलिनीताईंचा जीव टांगलेला असायचा. शब्द उशिरा आले. तीन-तीन भाषा कानावर पडतात, त्यामुळे होतं असं, असं सिद्धार्थ म्हणाला. कोळशाचं नाव कोणी काढलं नाही. पुढे पोर चांगली चुरूचुरू बोलायला लागली, तरी त्यांच्या मनातली ती बोच गेली नाही.

त्यांना आता एकच हवं होतं. मुलीने रागवावं, माफ करावं, यातलं काही नको होतं. तिने एकदा सहज, तोंडातून निघून गेल्यासारखं म्हणावं, "आई, हिला बघ जरा." ज्या आईला आपलं बाळ सोपवून लेक बिनघोर आत जाते, ती आई त्यांना पुन्हा एकदा व्हायचं होतं.

पर्णिका चार वर्षांची होत आली तेव्हा, यंदाच्या ऑगस्टमध्ये, ती माणसं भारतात जाताना वाटेत उतरली. मुक्काम शारजाला, सिद्धार्थची आई साधनाबाई यांच्याकडे. साधनाबाईंना खरं काय झालं ते माहीत नव्हतं, घरातला हीटर बिघडला होता एवढंच सांगितलेलं होतं. स्वानंदीने आईला तेवढं सांभाळून घेतलं होतं. कमलिनीताईंना मेसेज आला, "गुरुवारी अकरा ते तीन चालेल का?" त्यांनी उत्तर पाठवलं, "चालेल." लेकीला अपॉइंटमेंट देताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

गुरुवारी स्वानंदी सासऱ्यांची गाडी घेऊन आली. आत्मारामराव दुपारी येणार होते. पर्णिका बुटांशी झटत दारात उभी राहिली आणि आजीकडे बघून म्हणाली, "हॅलो." कमलिनीताईंनी तिला जवळ ओढलं नाही. त्यांनी बशीत लाडू ठेवला. पोरीने आईकडे बघितलं, आईने मान हलवली, मग तिने एक घेतला.

"अजून घे," कमलिनीताई म्हणाल्या.

"नो, थँक यू. वन इज इनफ."

"तिकडची सवय," स्वानंदी म्हणाली.

"माहितेय मला. चांगली सवय आहे."

मग हवेविषयी बोलणं झालं, विमानाविषयी झालं, साधनाबाईंच्या गुडघ्याविषयी झालं. बोलता बोलता स्वानंदीचे डोळे खोलीभर फिरत होते. स्वयंपाकघरातला गॅस, कोपरा, देव्हारा. कमलिनीताईंना ते दिसत होतं.

"लाइटवरचा दिवा आहे," त्या म्हणाल्या.

"हो, दिसलं मला," स्वानंदी म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला. दाराखालची फट घरमालकिणीने मागेच रबर लावून बुजवली होती आणि भिंतीचं भोकही लिंपलं होतं. एसी घुमत होता.

एवढ्यात बेल वाजली. घरमालकिणीचा ड्रायव्हर होता. "मॅडम, गाडी थोडा हटाओ, मालकिन को निकलना है. यल्ला, जल्दी."

स्वानंदीने किल्ली उचलली. पर्णिका जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, पाय अनवाणी. बाहेर उन्हाने जमीन भाजत होती. स्वानंदी दाराशी थांबली, पोरीकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"आई, हिला बघ जरा. मी आलेच."

कमलिनीताईंनी मान हलवली.

स्वानंदी बाहेर पडली. मग वळली, परत आत आली, कोणाकडे न बघता खिडकीपाशी गेली आणि काच पूर्ण सरकवून ठेवली. सरकलेली काच एकदा हलवून पाहिली. जाताना बाहेरचं दारही तिने उघडंच ठेवलं.

ऑगस्टचा तापलेला वारा खोलीत घुसला. एसी धापा टाकायला लागला. पर्णिकाच्या कागदाचे कोपरे फडफडले, तिने ते हाताने दाबून धरले.

"आजी, इट्स सो हॉट. क्लोज द विंडो, प्लीज."

"नाही बाळ. ती उघडीच ठेवायची. तसा नियम आहे."

"हूज रूल?"

"तुझ्या आईचा," कमलिनीताई म्हणाल्या, आणि पदराने तिच्या कपाळावरचा घाम टिपत खिडकीजवळ बसून राहिल्या.